केहिमकरांचा पिचर विंडसरला

१

शुक्रवारी सकाळी मी चहात बटर बुडवत होते, एवढ्यात माझ्या भाच्याचा, योनातनचा, वॉटर्लूहून फोन आला.

"आत्या, आय ॲम फिनिश्ड."

"आधी गुड मॉर्निंग म्हण. मग काय फिनिश व्हायचं ते हो."

पण पोराचा आवाज रडवेला होता, म्हणून मी बटर बाजूला ठेवलं आणि ऐकत बसले.

आमचा योनी वॉटर्लूच्या एका बेसबॉल क्लबात स्टार्टिंग पिचर आहे. म्हणजे चेंडू फेकून सामना ज्याच्या हातानं सुरू होतो, तो. भर सीझनमध्ये एक क्लब आपला खेळाडू दुसऱ्या क्लबाला देतो, त्याला हे लोक ट्रेड म्हणतात. तर विंडसरच्या क्लबाला योनी हवा होता. तिथला कोच नावाजलेला, त्याच्या सामन्यांना मोठ्या लीगची माणसं पोरं हेरायला येतात. बोलणी गुपचूप चालली होती आणि दोन्हीकडून सक्त ताकीद होती, एक शब्द बाहेर जाता कामा नये.

आणि गुरुवारी संध्याकाळी क्लबाच्या फॅन पेजवर कुणीतरी खोट्या नावानं लिहिलं: "केहिमकर विंडसरला चालला. बोलणी वगैरे नाही, पक्कं झालंय. घरच्यांनी आभाराची प्रार्थनासुद्धा उरकली."

झालं! वॉटर्लूच्या मॅनेजरला वाटलं, योनीनंच आपल्यावर दबाव आणायला ही अफवा सोडली. त्यानं पोराला रविवारच्या सामन्यातून काढून टाकलं. विंडसरचा कोच तर त्याच्याही पुढचा. त्यानं कळवलं, "स्वतःच्या बातम्या स्वतः पसरवणारा मुलगा मला नको. तू नाहीस, तर कोण ते आज संध्याकाळच्या आत सांग. नाहीतर विषय संपला."

"तू लिहिलंस का?" मी विचारलं.

"नो! आय स्वेअर, आत्या."

मी तीस-एक वर्षं इन्शुरन्स कंपनीत क्लेम तपासत होते. गॅरेज जळलं की जाळलं, हे माणसाच्या आवाजावरून मला कळायचं. योनीचा आवाज खरा होता.

"मग कुणाकुणाला माहीत होतं?"

"मम्मी, पप्पा, इलान, अडिना. आणि प्रताप अंकल, ते कमिटीवर आहेत म्हणून." इलान त्याचा थोरला भाऊ, नोकरीला देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्नाबीला. "आत्या, सगळी आपलीच माणसं आहेत."

२

मी टोरॉन्टोहून गाडी काढली आणि वॉटर्लूला, त्यांच्या घरी, निघाले. हायवेवर माझं डोकं योनीपेक्षा त्याच्या आईवर, शेलीवर, जास्त चाललं होतं. उगाच लपवत नाही, मला माझ्या भावजयीचा हेवा वाटतो. तिला दोन मुलगे, जिवंत नवरा आणि भरलेलं घर. मला दोन गुडघे, आणि तेही डॉक्टरनं बदलून दिलेले.

दार सोलोमननं उघडलं. माझा धाकटा भाऊ. जरा उतरलेला वाटला, पण तोंडभर हसत होता. कोपराजवळ कापसाचा बोळा चिकटवलेला.

"हे काय रे?"

"काही नाही ताई, रुटीन ब्लड टेस्ट. ये, चहा घे."

चहाला दूध काढायला मी फ्रिज उघडला आणि तिथेच थिजले. काचेच्या भांड्यात गुळाचे पोहे, वर ओलं खोबरं, खजूर, बदामाचे काप आणि वेलचीचा वास. मलिदा! पुढारी खातात तो नव्हे. आम्हा बेने इस्राएलींचा, म्हणजे मराठी ज्यूंचा, मलिदा, प्रेषित एलियाहू हनाबीचं नाव घेऊन, ताटात फळं मांडून, प्रार्थना म्हणून वाटायचा तो.

"शेली, मलिदा केलास?"

तिच्या हातातला चमचा खाली पडला. "काल केला, ताई. छोटासाच, घरच्या घरी."

"आणि मी कोण, शेजारीण?"

"तसं नाही हो ताई..."

"कशाचा केलास?"

"असंच."

असंच! अहो, असंच कुणी मलिदा करत नाही. लग्नकार्य असलं, नवं घर घेतलं किंवा नवस पुरा झाला, तर आमच्यात मलिदा करतात. देवाकडे मागताना नाही, देवानं दिल्यावर. मी मनात म्हटलं, ओळखलं हो बाई. योनीचं विंडसरला जमलं म्हणून केलास आणि आत्याची नजर लागेल म्हणून मला टाळलंस. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की सांगता सोय नाही. माझ्या आईकडून शिकलेला मलिदा, आणि मलाच वगळून!

"काल घरी कोण कोण आलं होतं?" मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"दुपारी अडिना होती. मग प्रतापभाऊ योनीचा धुतलेला ड्रेस द्यायला आले, त्यांच्या हातावर मलिदा ठेवला. योनी प्रॅक्टिसहून उशिरा आला. त्याला खायला मिळालं की कारण लागत नाही." ती ओटा पुसत होती. खरं म्हणजे तो मघाशीच पुसून झाला होता. "आणि इलानचा व्हिडिओ कॉल आला होता बर्नाबीहून. मी खोबरं खवत होते, पोराशी नीट बोलणंही झालं नाही."

आपल्या खोलीत योनी खेळाच्या बॅगेवर बसला होता. "आत्या, हू डिड इट?" त्यानं विचारलं.

"अजून चहाही झाला नाही माझा," मी म्हटलं, पण माझा संशय ठरलेला होता. प्रताप.

३

प्रताप देवतळे मूळचा नागपूरचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये. त्याचा मुलगा अनिश त्याच क्लबात दुसऱ्या नंबरचा पिचर. योनी असला की अनिश बाकावर बसतो. प्रताप मला मैदानाच्या कुंपणाशी सापडला. पोराची प्रॅक्टिस तो अशा डोळ्यांनी बघत होता की मला दयाच आली.

"काय जी डोरिसताई, मलेच धरायला आल्या ना?" तो म्हणाला. "सगळे माझ्याकडेच पाहून राहिले सकाळपासून."

"तू जळतोस ना योनीवर?"

"जळतो ना! खोटं कशाला बोलू? माझं पोरगं कमी मेहनत करते काय? तरी दर वेळी केहिमकर, केहिमकर." त्यानं कुंपणाची जाळी घट्ट धरली. "पण ताई, मले तर तो विंडसरला गेलेलाच पाहिजे. तो गेला तर माझ्या अनिशला जागा होते. मग मी काहून बिघडवू?"

"बातमी फुटली की काम लवकर होईल, असं वाटलं असेल."

"बाप्पा! काम होणारच नव्हतं." त्यानं आवाज खाली आणला. "बुधवारीच बोलणी अडली. त्यांच्या एका म्हाताऱ्या खेळाडूला, कॅचरला, आम्ही घ्यावं, ही त्यांची अट. आमची कमिटी नाही म्हणाली. मी होतो ना मीटिंगमध्ये. 'पक्कं झालं' असं मी कसं लिहीन?"

बुधवारी अडली! मी जागच्या जागी उभी राहिले.

"हे केहिमकरांच्या घरी माहीत होतं?"

"योनीला मॅनेजरनं त्याच रात्री सांगितलं. तो घरी बोललाच असंल."

"आणि काल शेलीनं तुला गोड दिलं, ते कशाचं वाटलं?"

"तुमच्या कोणत्या सणाचं असंल म्हटलं. मी विचारलंही, वहिनी, आज कोणता सण? तर त्या हसल्या. पोहे मस्त होते, खोटं नाही बोलत."

प्रताप सुटला. बोलणी अडलेली त्याला माहीत होती आणि मलिदा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पण माझ्या डोक्यात आता भलताच किडा वळवळू लागला. बुधवारी बोलणी अडली, हे शेलीला माहीत असणार. तर गुरुवारी तिनं मलिदा केला कशाचा?

४

अडिना योनीची होणारी बायको. एका टेक कंपनीत कामाला आहे. ती मला ऑफिसखालच्या बाकावर भेटली. डोळे सुजलेले. मी सरळच विचारलं, "योनी विंडसरला गेला तर तुला आवडेल?"

"आय हेट विंडसर," ती म्हणाली. "तिथे नदीपलीकडे डेट्रॉईट. सामना झाला की सगळी टीम पलीकडे पार्ट्यांना जाते. मुली येतात. मी फोटो बघितलेत आत्या, एकेकीचे. मला रात्रभर झोप नव्हती."

"म्हणजे ट्रेड मोडावा असं तुला वाटत होतं."

"हो, वाटत होतं! म्हणून मी त्याचं नाव खराब करीन?" तिनं हातातला कॉफीचा कप चिरडला. "मला तो हवाय, हरलेला योनी नकोय."

हेवा असावा तर असा, तोंडावर बोलून दाखवणारा. तरीही मी सोडलं नाही. ट्रेड मोडण्यात फायदा असलेली ही एकटीच होती.

"काल तू मलिद्याला होतीस. पेजवर लिहिलंय, आभाराची प्रार्थना उरकली. घरात प्रार्थना झाली हे तुला माहीत होतं."

"माहीत होतं. पण ती ट्रेडची नव्हतीच." आणि पटकन तिनं तोंडावर हात ठेवला.

"मग कशाची होती?"

"आत्या, प्लीज. मी आंटीला प्रॉमिस केलंय. अंकलना मीच घेऊन जात होते, बाकी काही विचारू नका."

"कुठे घेऊन जात होतीस?"

ती उठली आणि रडत आत निघून गेली. कापसाचा बोळा मला आता आठवला.

५

मी घरी आले ती थेट स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटलं. शेली शुक्रवार संध्याकाळच्या शब्बाथचा स्वयंपाक करत होती.

"शेली, सोलोमनला काय झालंय?"

तिनं गॅस बंद केला. मग तिनं एका दमात सांगून टाकलं.

"झालं होतं, ताई. होतं. पोटात गाठ निघाली होती. बायोप्सी केली. मी एलियाहू हनाबीला नवस बोलले. काल सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सर नाही. साधी गाठ. म्हणून दुपारी मलिदा केला. तुम्हाला कसं सांगणार? आमच्या रूबेनभाऊजींना असंच झालं होतं. तुम्ही ते सगळं एकदा बघितलंय."

रूबेन माझा नवरा. गेला तो. मी खुर्चीवर बसले. सकाळपासून मी ह्या बाईवर जळत होते, आणि ही एकटी माझ्या भावाचं मरण उरावर घेऊन ओटा पुसत होती. मी तिचा हात धरला, आणि आम्ही दोघी थोडा वेळ रडलो. मग मी नाक पुसलं. क्लेम अजून निकालात निघाला नव्हता.

"योनीला माहीत आहे?"

"नाही. सीझन चालू आहे त्याचा. फक्त अडिनाला. मला हायवेवर गाडी चालवता येत नाही ना."

"आता नीट ऐक," मी म्हटलं. "पेजवर लिहिणाऱ्यानं 'पक्कं झालंय' असं ठामपणे लिहिलं. ट्रेडची माहिती असणाऱ्यांना बोलणी अडल्याचं ठाऊक होतं. मग हा ठामपणा आला कुठून? मलिद्यातून. आज सकाळी फ्रिज उघडून मीसुद्धा अगदी हेच समजले. मलिदा दिसला, म्हणजे काम फत्ते, म्हणजे योनीचं पक्कं. प्रतापला असं वाटणार नाही, त्याला तो सणाचा फराळ वाटला. अडिनाला वाटणार नाही, तिला खरं कारण माहीत आहे. ज्याला मलिदा कळतो पण ह्या मलिद्याचं कारण कळलेलं नाही, त्याचंच हे काम. मी ते केलेलं नाही. उरलं कोण?"

शेली पांढरीफटक पडली. "तो इतका लांब आहे, ताई."

"फोनमधून ताट दिसतं."

"त्यानं विचारलं," ती पुटपुटली. "म्हणाला, मम्मी, मलिदा? योनीचं झालं वाटतं? मी काय सांगणार? त्याची नोकरी नवी, पप्पांचं कळलं असतं तर सगळं टाकून आला असता. मी म्हटलं, हो हो, झालं. आणि फोन ठेवला."

बाहेरून योनीनं दार उघडलं. त्यानं सगळं ऐकलं होतं. "इलान?" तो म्हणाला. "आय टेल हिम एव्हरीथिंग. बोलणी अडली ते तेवढं सांगायचं राहिलं."

"आता विंडसरच्या कोचला नाव सांग," मी म्हटलं. "वेळ थोडा आहे."

योनीनं मान हलवली. "माझ्या भावाचं नाव मी सांगणार नाही."

"मग तुझं नाव जाईल."

"जाऊ दे."

६

ते काम मी केलं. बर्नाबीला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि टेबलावर ठेवला. सोलोमनही येऊन बसला.

"इलान, आत्या बोलतेय. तो मलिदा तुझ्या पप्पांचा होता रे." आणि मी सगळं सांगितलं. गाठ, बायोप्सी, नवस, काहीही गाळलं नाही.

पलीकडून इलाननं आधी बापालाच हाक मारली.

"पप्पा?"

"इथेच आहे, बाबा. ठणठणीत आहे. तुझी आई मला परत परत जेवायला घालते."

"मी लिहिलं ते," इलान म्हणाला. कुणी विचारलंही नव्हतं. "मला सहन झालं नाही. योनीला अंगणात चेंडू टाकायला मी शिकवलं. मला इथे नोकरी लागली तेव्हा मम्मी म्हणाली, छान, आणि स्वेटर भरला का विचारलं. बस. आणि ह्याच्यासाठी मलिदा? तोही मला न सांगता? मी जळलो, आत्या. मला वाटलं, ह्यांचा आनंद थोडा तरी नासू दे. त्याचा सामना जाईल असं नव्हतं वाटलं. योनी, आय ॲम सॉरी."

योनी खुर्ची मागे सारून खिडकीशी गेला.

"तुझ्या सॉरीचं लोणचं घालू का?" मी म्हटलं. "विंडसरच्या कोचला फोन कर. आत्ता. स्वतःच्या नावानं."

त्यानं केला. कसा केला, काय बोलला, मला माहीत नाही. पण ऊन परसातल्या कुंपणावर आलं होतं तेव्हा योनीचा फोन वाजला. कोच तुटक माणूस. तुझ्या भावानं स्वतः सांगितलं, म्हणाला. अफवा वाचून विंडसरचे लोक इतके खूश झालेत की म्हाताऱ्या कॅचरची अट मी सोडली. तुमची कमिटी तयार आहे. रविवारी ग्लव्ह घेऊन ये.

योनीनं आरोळी ठोकली. सोलोमननं त्याला मिठी मारली. प्रतापचाही फोन आला. अनिशला जागा मिळाली म्हणून तो इतका हसत होता की काय बोलतोय ते कळेना. मला मात्र शेली दिसली. ती आत जाऊन योनीच्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

तेवढ्यात इलानचा पुन्हा फोन आला.

"झालं ना?" त्यानं विचारलं. "मग आता करा मलिदा. ह्या वेळी खरा, योनीसाठी. माझ्या वेळी नाही केलात, ते राहू दे."

शेलीनं फोन हातात घेतला. हातात योनीचा शर्ट तसाच होता.

"नाही करणार," ती म्हणाली.

"का?"

"मलिदा नवस फेडायला करतात, इलान. तू बर्नाबीला जावंस असा नवस मी कधी बोललेच नव्हते. हा विंडसरला जावा असाही नाही. कुठली आई बोलेल रे?"

योनी दारात उभा होता. सोलोमननं खाली बघितलं.

"मम्मी," इलान म्हणाला, "मी घरी येऊ?"

"विचारतोस काय, मेल्या," ती म्हणाली.